लग्नसराईतलं सांडपाणी

लग्नाची पत्रिका हातात आली की लोक आधी नवरा-नवरीची नावं बघतात, मग तारीख, मग जेवण कुठल्या वेळेचं आहे ते. मी खालून सुरू करते. अगदी तळाला, चौकटीच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते ना, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं", ती मी पहिली वाचते. ती नीट दिसली की जीव भांड्यात पडतो आणि मी एकटीच हसते. पत्रिका देणारा माणूस समोर उभा असतो, त्याला वाटतं, बाईचं काहीतरी बिनसलं. बिनसलं नाही हो. एका उन्हाळ्यात लागलेली सवय आहे, सुटत नाही.

यंदाही चैत्र लागला आणि पत्रिका यायला लागल्या. कुंकवाचं बोट लावलेल्या, चार पिवळे तांदूळ चिकटलेल्या, घामेजल्या हातांनी दिलेल्या. वर्ध्याचा उन्हाळा काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. सकाळी दहालाच डांबर मऊ पडतं, कूलरच्या ओल्या गवताचा वास घरभर फिरतो, दुपारी कुत्रीसुद्धा भुंकायचा आळस करतात. शहाण्या माणसाने घरात बसावं, तर इथली माणसं नेमकी तेव्हाच लग्नं काढतात. भर उन्हात बँड, भर उन्हात वरात, आणि घोड्यावर घामाने निथळणारा नवरदेव. पूर्वी मी यावर तोंड वाकडं करायची. आता नुसते मांडवाचे बांबू दिसले तरी माझ्या अंगात वारं शिरतं. आज काहीतरी दिसणार, असं वाटत राहतं.

आमचं गाव हिंगणीच्या अलीकडे. पुढे बोरचं धरण आणि जंगल. सुट्टीच्या दिवशी नागपूरकडची माणसं गाड्या भरून धरण बघायला जातात. आमच्या दुकानाशी थांबतात, चिवडा आणि पाण्याच्या बाटल्या घेतात आणि छाती फुगवून म्हणतात, काय शुद्ध हवा आहे तुमच्याकडे. त्यांना मी कधी घराच्या मागे नेलं नाही. गाव उतारावर वसलेलं आणि उताराचं शेवटचं घर आमचं. पुढे किराणा दुकान, मध्ये राहतं घर, आणि मागे सगळ्या गावाच्या नालीचा शेवट. तिथून पाणी पुढे जायचं नाही. तिथेच मुक्कामाला राहायचं.

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागचं दार उघडलं. माझं माहेर तळेगाव श्यामजी पंतचं, मोठ्या रस्त्यावरचं, वाऱ्याचं गाव. मला वाटलं, मागे काहीतरी मेलं आहे. यांना, म्हणजे आमच्या मंजूच्या बाबांना, विचारलं, "हे काय आहे?" हे म्हणाले, "डबकं." घरातल्या वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी इतक्या शांतपणे. तेव्हापासून सतरा वर्षं मी ते दार पदर नाकाला लावूनच उघडलं.

पण खरं सांगू का, एकाच वासाजवळ इतकी वर्षं काढली की माणूस त्यातला जाणकार होतो. सकाळी सातला साबणाचं दुधाळ पाणी यायचं. नऊला तांदळाचं धुवण. अकराच्या सुमाराला कपड्यांचं, निळीची झाक असलेलं. दिवाळीच्या आधी सगळं गाव सारवायला घ्यायचं तेव्हा चार दिवस शेणामातीचा नुसता गाळ. कुणाकडे पाहुणे आले, कुणी नुसत्या वरणावर भागवलं, कुणाच्या सुनेने आज धुणं टाळलं, मला घरबसल्या कळायचं. एवढी बातमी मला नको होती.

म्हणून मी सावंगीचा ध्यास घेतला. मंजू त्या वर्षी दहावीला होती, पुढचं शिक्षण वर्ध्यालाच व्हायचं होतं. सावंगी मेघेला, दवाखान्याच्या मोठ्या रस्त्यापासून आत, एक दुकानाचा गाळा आणि वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी एकटी बसने जाऊन बघून आले. फरशी पांढरी. नाली झाकणाखाली, कुठे जाते ते कुणाला माहीत नाही आणि कुणाला विचारायचं नाही. खाली पोरं-पोरी वह्या, शाम्पू, बिस्किटं घेत हिंडतात. मी त्या वरच्या खोलीच्या खिडकीत उभी राहून नुसता श्वास घेतला. दोन-तीनदा घेतला. घरी आले आणि यांना म्हटलं, आता इथं एक दिवाळी काढणार नाही. हे म्हणाले, "विचार करून राह्यलो." हे माणूस विचार करून राहतं, म्हणजे काय ते मला सतरा वर्षांत पुरतं कळलं होतं.

तेवढ्यात फाल्गुनात प्राजक्ता आली. वर्ध्याच्या एका संस्थेत काम करणारी नागपूरची पोरगी, तोंडाला रुमाल बांधून स्कूटीवर यायची, पाठीवर तिच्यापेक्षा जड पिशवी. ग्रामसभेत तिने एक चित्र लावलं. एक लांबट, कमरेएवढा खड्डा. त्यात मोठे दगड, त्यावर गिट्टी, त्यावर बारीक खडी, वर कर्दळीची झाडं. एका टोकाने नालीचं पाणी आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. यंत्र नाही, वीज नाही, औषध नाही. दगड आपल्या नाल्यातले, कर्दळ देवळामागची. लोकांनी विचारलं, मग साफ कोण करतं? ती म्हणाली, "गिट्टीवर जिवाणू वाढतात. कर्दळीच्या मुळांशी त्यांना हवा मिळते. पाणी हळूहळू जातं आणि त्यातली घाण ते खातात."

"म्हंजे पंगत बसते त्याईची," मी मागून म्हटलं. सभा हसली. प्राजक्ता नाही हसली. तिचे डोळे चमकले, म्हणाली, "बरोबर, काकू. पंगतच. आणि वाढपी घाईत असला तर सगळे उपाशी, म्हणून पाणी सावकाश सोडायचं."

मग तिने विचारलं, गावातली सगळ्यात खालची जागा कोणती? सगळ्या गावाने माना वळवून आमच्याकडे पाहिलं. आणि हे, विचार करून राहणारे हे, पटकन उठून म्हणाले, "माही जागा घ्या." माझ्याकडे न बघता. माझं परसदार, माझी कपड्यांची दोरी, माझी वाळवणाची जागा, सगळं एका वाक्यात देऊन मोकळे.

त्या रात्रीच्या भाजीत मी मीठ टाकलं नाही. मुद्दाम. यांनी मुकाट खाल्ली, वर थोडी मागून घेतली. मग मीच तोंड उघडलं.

"घरामागं गावाची नाली काय कमी होती, का आता तिले बिछाना घालून देऊन राह्यले?"

"जमलं तं जमलं."

"अन् नाई जमलं तं?"

मंजू ताटावरून उठली आणि म्हणाली, "मंग शर्त लावा न." तिला गंमत हवी होती. प्राजक्ताने सभेत एक साधी परीक्षा दाखवली होती. काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, मागे छापील कागद धरायचा, अक्षर किती दिसतं ते बघायचं. दुकानाच्या खणात लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा पडलेलाच होता. मी त्यातली एक काढली आणि बोट ठेवलं तळाच्या ओळीवर. वैशाख सरायच्या आत बाटलीतल्या पाण्यातून मंजूला ही ओळ वाचता आली पाहिजे. नाही आली तर सामान भरायचं आणि सावंगी.

"हाव," हे म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

मी निवांत झोपले. नालीच्या पाण्यातून मावशीचं लग्न वाचणार म्हणे.

खड्डा खणला तो गावातल्याच माणसांनी. उतार बघायला यांनी गवंड्याची पाण्याची नळी आणली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं मंजूला दिलं, आणि दोघं बापलेक अर्धा दिवस "वर, अजून वर, थांब, खाली" करत राहिली. तळाला कापसाच्या गाडीची जुनी ताडपत्री अंथरली, पाणी जमिनीत मुरू नये म्हणून. नाल्यातून दगड आणायला बाया आल्या, छपरांचे फुटके कवेलू आले, कुणी पडक्या गोठ्याच्या विटा आणल्या. मी मागच्या दारात सूप घेऊन बसायची. तांदूळ निवडणं हे निमित्त, खरं काम टोमणे मारायचं. पण एका दुपारी खडी टाकत होते ती मातीची, न धुतलेली. मी बघत राहिले. डाळीत खडे ठेवून वरण लावणारी मी नाही. शेवटी सूप ठेवलं आणि म्हटलं, "थे धुवा आधी, चिखल टाकून राह्यले का पाणी साफ कराले?" प्राजक्ता म्हणाली, काकू बरोबर बोलतात. मग काय, खडी धुवायचं काम माझ्याच गळ्यात.

कर्दळ लावली तेव्हा ती मेल्यासारखी दिसत होती. आठवड्याने एकेक पान सरळ झालं. पाणी गिट्टीच्या आतून चालत होतं, वर काही दिसायचं नाही, त्यामुळे डासांना बसायला जागा उरली नव्हती. डबक्याचं तोंड बंद झालं होतं, पण खड्ड्याच्या त्या टोकाला बाहेर पडणारं पाणी अजून काळसरच. पहिल्या रविवारी बाटली भरली, पत्रिका मागे धरली. काहीच नाही. मी म्हटलं, बांधा सामान. दुसऱ्या रविवारी मंजू म्हणाली, काहीतरी केशरी दिसतं आहे. तो पत्रिकेवरचा गणपती होता. तिसऱ्या रविवारी गणपतीची सोंड.

आणि इथून गावाला नाद लागला. दुकानात मीठ घ्यायला आलेला माणूस आधी विचारायचा, "आज कुठवर वाचलं?" वरच्या आळीतल्या चंद्रभागाकाकू, मोठं शेतकरी घर त्यांचं, गोठ्यात बैलजोडी आणि दारात कायम दहा माणसं, त्या रोज संध्याकाळी काठी टेकत यायच्या. "नवरीचं नाव आलं का वं?" आलं एकदा. मोठ्या अक्षरातलं होतं, पण आलं. त्या दिवशी हे गल्ल्यावर बसल्या बसल्या एकटेच शीळ घालत होते. मग आईवडिलांची नावं आली. मग मुहूर्त. मग मांडवाचं ठिकाण. रविवारी सकाळी आमच्या परसात दहा-पंधरा माणसं जमायची, मंजू डोळे बारीक करून वाचायची, आणि एकेक शब्दाला लोक "हां" म्हणायचे. मी हरत होते. आणि शनिवारी दुपारपासूनच माझं दुकानात लक्ष लागायचं नाही. हे कुणी माझ्या तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याला उधार दिलं नसतं.

एक सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. उठले, सवयीने पदर नाकाला लावला, मागचं दार उघडलं, आणि थांबले. काहीतरी चुकत होतं. पदर काढला. श्वास घेतला. वास नव्हता. मला वाटलं, सर्दी झाली. आत जाऊन हिंगाचा डबा उघडला, हुंगला, तर ठसकाच लागला. नाक ठीक होतं. पुन्हा बाहेर आले. ओल्या दगडांचा वास येत होता, कर्दळीच्या पानांचा हिरवा वास येत होता, आणि कुठूनतरी चंद्रभागाकाकूंच्या गोठ्यातल्या कडब्याचा. सतरा वर्षं माझ्या घरामागे हे सगळं होतं आणि माझ्या नाकापर्यंत पोचत नव्हतं. मला इतका आनंद झाला की राग आला. मी कुणाला सांगितलं नाही. शर्त होती ना.

अजूनही मी हा विचार करते. येणाऱ्या पाण्याची आपण किती सरबराई करतो. नळ येणार म्हणून पहाटे उठतो, पितळी गुंड चिंचेने घासतो, गाळणं बांधतो, झाकण ठेवतो. तेच पाणी भात धुऊन, पोराला आंघोळ घालून, ताटं स्वच्छ करून दाराबाहेर पडलं की ते आपलं कुणी नाही. ज्याने सगळ्यांची घाण अंगावर घेतली त्याचंच तोंड बघायचं नाही. मी तर त्याच्यापासून पळून सावंगीला निघाले होते, जिथे ते झाकणाखालून जातं आणि दुसऱ्या कुणाच्या घरामागे निघतं. तिथल्या त्या बाईचा विचार माझ्या मनात तेव्हा आला नव्हता.

वैशाख सरायला दोन आठवडे राहिले आणि चंद्रभागाकाकूंच्या नातीचं लग्न निघालं. आमच्याकडच्या लग्नात वांग्याची भाजी म्हणजे यजमानाची इभ्रत. वांगं कसं का असेना, वर तर्री बोटभर तरंगली पाहिजे. लाल, चमकणारी, ताटात ओघळ येणारी. पाहुणा उठताना भाजी चांगली होती म्हणत नाही, म्हणतो, तर्री दिली बाप्पा लग्नघरच्यांनी. काकू स्वतः दुकानात आल्या तेलाचे पिपे सांगायला. "कमी पडू देऊ नोको," म्हणाल्या, "माह्या नातीच्या लग्नात तर्री पातळ झाली, असं कोनं बोलाले नाई पायजे." मी पिपे मोजून काढून ठेवले.

आता जे सांगते ते तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. पिपे काढताना माझ्या मनात लख्ख आलं, हे सगळं तेल कुठे जाणार. पंगती उठणार, मोठमोठे गंज, म्हणजे भाजीची पातेली, हातपंपाशी येणार, राखेने घासले जाणार, आणि ते पाणी उतारावरून सरळ आमच्या गिट्टीत. तेल आणि राख, दोन्ही. काकूंना एवढंच म्हणायचं होतं की गंज धुण्याआधी तर्री एका डब्यात काढा. एक वाक्य. मी गप्प बसले. मागच्याच रविवारी मंजूने पत्रिकेवरच्या "विनीत" खालची सगळी नावं वाचली होती. तळाची ओळ फक्त उरली होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पांढरी फरशी होती.

लग्न झकास झालं. भाजी मीही दोनदा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपाशी गंजांचा ढीग लागला, बाया गाणी म्हणत घासत होत्या, आणि अकराच्या सुमाराला नालीतून लालसर पाणी आलं. संध्याकाळपर्यंत गिट्टीवर चमक आली. तिसऱ्या दिवशी पाणी आत जाईना, वरच साचलं. चौथ्या दिवशी डास. पाचव्या दिवशी मी दार उघडलं आणि हात आपोआप पदराकडे गेला.

प्राजक्ताची तेव्हा नागपूरला परीक्षा होती. फोनवर म्हणाली, वरचा थर बसला असेल, काढून बदलावा लागेल, परीक्षा झाली की येते. हे घमेलं घेऊन दोन दिवस एकटे वरवर खरवडत राहिले. तेलकट राखेची खपली निघायची, पुन्हा जमायची. कर्दळीची खालची पानं पिवळी पडली. मग वैशाखाचा शेवटचा दिवस आला. मंजूने बाटली भरली. पत्रिका मागे धरली. गणपतीसुद्धा दिसला नाही. परसात त्या दिवशी कुणी जमलं नव्हतं. यांनी हात धुतले, आत आले, सावंगीच्या मालकाला फोन लावला आणि म्हणाले, परवापासून गाळा आमचा. मग टेम्पोवाल्याला फोन लावला. माझ्याशी एक शब्द वाकडा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मला हवं ते मिळालं होतं आणि मी ती बाटली उगाच पुन्हा पुन्हा विसळत बसले.

दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं होतं. मी मागे दोरी सोडायला गेले. साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग उन्हात रंग दाखवत होता. मी दुकानदारीण बाई आहे. दुकानात पिपा फुटला की मी त्यावर पाणी टाकत नाही, फडकंही नाही. कुटार टाकते. जनावरांना घालतो तो तुरीचा, सोयाबीनचा चुरा. कुटार तेल पिऊन घेतं, झाडून टाकलं की जमीन कोरडी. समोर तेल सांडलेलं दिसतं आहे आणि मी दोऱ्या गुंडाळते आहे, हे माझ्या हातांना सहन होईना. कोपऱ्यात टोपलंभर कुटार होतं ते मी तवंगावर फेकलं. नुसतं बघायला. थोड्या वेळाने ते केशरी झालं, जड झालं. जाळीच्या झाऱ्याने उचललं तर खालचं पाणी साधं, चमक नसलेलं.

पदर खोचला आणि काकूंच्या गोठ्याकडे पळत सुटले. काकू बाजेवर बसल्या होत्या. "काय करून राह्यली वं इतक्या उन्हाची?" मी म्हटलं, कुटार द्या, आहे तेवढं द्या. कशाला ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या तर्रीनं घात केला व्हय?" त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि त्या वयात स्वतः गाठोडं बांधायला घेतलं.

दुपारभर मी, मंजू आणि काकूंच्या घरच्या दोघी. कुटार टाकायचं, उचलायचं, उकिरड्यावर नेऊन टाकायचं. तेल गेलं, पाणी उतरायला लागलं. मग मी फावड्याने खडी बाजूला केली. वरची चिकट, काळी, खपलीची. पण टीचभर खाली गेले आणि ओरडलेच. खाली गिट्टी स्वच्छ होती. धुतल्यासारखी. आणि तिच्यातून कर्दळीची पांढरी मुळं चहूकडे गेली होती, केसांसारखी बारीक, एकेक खडा धरून बसलेली. पंगत उठली नव्हती. वरच्या दारात घाण अडली होती एवढंच. मी मातीत बसून ती मुळं बघत राहिले आणि मला रडू आलं, तेही इतकं की मंजू घाबरली.

हे दारात उभे होते. कधीपासून कोण जाणे.

"तू जिंकली न," हे म्हणाले. "मंग हे कायले करून राह्यली?"

"मी नाई जिंकली," मी म्हटलं. "काकूनं पिपे नेले तवाच मले माहीत होतं हे होनार म्हनून. मी बोलली नाई."

हे खाली उकिडवे बसले. एक खडा उचलला, अंगठ्याने पुसला, परत ठेवला. "मी बी तिथंच होतो दुकानात," हे म्हणाले. "मले बी समजलं होतं. लग्नघरच्या बाईले तेल कमी टाक म्हनाव का आपन?"

मी यांच्याकडे बघत राहिले. यांचा सगळा डाव त्या पाण्यावर लागलेला, आणि यांनीही तोंड उघडलं नव्हतं, माझ्यापेक्षा चांगल्या कारणासाठी. हे उठले, म्हणाले, "पण शब्द म्हंजे शब्द. टेम्पो सकाळी येते," आणि आत जाऊन डबे बांधायला लागले.

सकाळी टेम्पो आला तेव्हा मी खड्ड्यात होते. उजाडल्यापासून वरची काळी खडी घमेल्याने काढत होते. नाली जिथून आत शिरते तिथे मी एक फुटका ड्रम अर्धा पुरून त्यात कुटार ठासलं होतं, आधी त्यातून, मगच आत. दारापुढे डबे, कपाट, गाद्यांच्या वळकट्या ओळीने मांडलेल्या. टेम्पोवाला भाऊ यांच्यामागून परसात आला, म्हणाला, "चढवू का सामान?" यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कमरेवर हात ठेवून सरळ झाले. अंगभर काळं, केसांत कुटार. "सामान राहू द्या तिथंच," मी म्हटलं. "टेम्पो आलाच आहे तं रिकामा कायले पाठवता? खडीच्या खदानीत पाठवा."

"खदानीत?"

"वरचा थर मी काढला. उघडं ठेवलं तं मुळं वाळतीन."

मग यांनी सावकाश खिशातून फोन काढला आणि सावंगीच्या मालकाला म्हणाले, "भाऊ, नाई जमत. घरी काम निघालं." पलीकडून तो विचारत होता, काऊन, किती दिवसांचं काम? यांनी फोन खिशात टाकला आणि तोंड दुसरीकडे वळवलं, कारण यांचे डोळे भरले होते आणि ते मला दिसू द्यायचे नव्हते, मग पुढे जाऊन ड्रायव्हरजवळ चढून बसले. टेम्पो निघाला. मी खड्ड्यातून बाहेर आले आणि रस्त्यापर्यंत मागे पळत गेले.

"बारीक आणजो रे भाऊ," मी ओरडून सांगितलं. "जाड आहे आपल्यापाशी."